दारच्या श्वानाचा घास : उरलेला की काढून ठेवलेला?

दुपारची जेवणे आटोपली, पाने उचलली गेली, म्हणजे पातेल्याच्या तळाशी राहिलेली आमटी, पानातला टाकलेला भात, अर्धी पोळी आणि उरलेली भाजी एकत्र करून परसदारी ओतावयाची, आणि तेथे वाट पाहत बसलेल्या कुत्र्याने ती चाटूनपुसून खावयाची, हा क्रम आमच्या वसमतसारख्या गावातील कित्येक घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्यात गृहिणीस अन्न वाया न गेल्याचे समाधान असते, कुत्र्यास पोट भरल्याचे असते, आणि मुलांस एक सोबती मिळाल्याचे असते. या समाधानात मिठाचा खडा टाकावा असा आमचा हेतू नाही. परंतु गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पशुवैद्यकाने जे ज्ञान संपादन केले आहे ते पाहता, हा काला प्रत्येक वेळी निर्धोक असतोच असे म्हणवत नाही. ज्या हाताने दया करावयाची त्याच हाताने अपाय होऊ नये, एवढ्यासाठी या विषयाचा थोडा विचार सुज्ञ वाचकांपुढे, आणि विशेषतः स्वयंपाकघराची सत्ता ज्यांच्या हाती आहे त्या भगिनींपुढे, मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

श्वानास घास घालणे ही आपल्याकडे केवळ हौस नव्हती. तो गृहस्थाचा धर्म मानिला होता. पंचमहायज्ञांपैकी भूतयज्ञात कावळा, कुत्रा, किडामुंगी या सर्वांचा वाटा सांगितला आहे. वैश्वदेवानंतर जो श्वानबली घालावयाचा तो यमाच्या श्याम आणि शबल या दोन श्वानांच्या नावे घालतात, हे ज्यांच्या घरी अद्यापि वैश्वदेव होतो त्यांस ठाऊकच आहे. महाभारताची तर सुरुवात आणि अखेर या दोहोंच्या जवळपास एकेक कुत्रा बसलेला दिसतो. आदिपर्वात जनमेजयाच्या भावांनी सरमेच्या पिल्लास निष्कारण बडविले. त्याने हविर्द्रव्याकडे पाहिलेदेखील नव्हते, आणि म्हणून सरमेचा शाप त्या राजास भोवला. महाप्रास्थानिक पर्वात धर्मराजाने, बरोबर आलेल्या कुत्र्यास सोडून स्वर्गाच्या रथात पाऊल ठेवण्याचे नाकारिले. एका कथेत निरपराध श्वानास मारण्याचे फळ आहे, तर दुसरीत त्यास न टाकण्याचे.

आमच्या हिंगोली जिल्ह्यास तर या बाबतीत एक वेगळा वारसा आहे. हिंगोलीजवळचे नरसी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानितात, आणि आमच्या शेजारचे औंढा नागनाथ हे नामदेव व विसोबा खेचर यांच्या गुरुशिष्यभेटीने पावन झालेले क्षेत्र होय. कुत्र्याने पोळी पळविली असता, 'कोरडी खाऊ नको, देवा' असे विनवीत तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावणारे नामदेव लहान मुलांसही माहीत आहेत. नामदेवांस त्या कुत्र्याच्या ठायी विठ्ठल दिसला. आपणा सामान्यांस एवढी दृष्टी नसली, तरी त्या कुत्र्याच्या ठायी एक निराळे शरीर आहे, आणि त्या शरीराचे पथ्यापथ्य आपल्याहून निराळे आहे, इतके दिसावयास हरकत नसावी.

प्रथम जे निर्धोक आहे ते सांगतो, म्हणजे वाचकांचा जीव भांड्यात पडेल. कुत्रा हा मांसाहारी प्राणी, त्यास भाकरी घालणे म्हणजे निसर्गाविरुद्ध जाणे होय, असे सांगणारे पुष्कळ लोक आढळतात. ते खरे नाही. स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी २०१३ साली लांडगा आणि कुत्रा यांच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना प्रसिद्ध केली. पिष्टमय पदार्थ पचविणारा जो अमायलेज नावाचा पाचकरस, तो तयार करण्याची आज्ञा देणारा जनुक लांडग्याच्या पेशीत केवळ २ प्रतींत असतो. कुत्र्याच्या पेशीत मात्र त्याच्या ४ पासून ३० पर्यंत प्रती आढळल्या. याचा अर्थ असा की, मनुष्य शेती करू लागला, त्याच्या उकिरड्याभोवती आणि चुलीभोवती कुत्रा हजारो वर्षे वावरला, आणि त्या सहवासाची खूण त्याच्या शरीराच्या मुळाशी उमटली. ज्वारीची भाकरी आणि भात हे कुत्र्यावर लादलेले अन्न नव्हे. ते त्याने आपल्याबरोबर राहून मिळविलेले आहे.

परंतु एक पाचकरस वाढला म्हणून सर्व शरीर माणसासारखे झाले, असे मात्र होत नाही. आपले यकृत आणि आपली मूत्रपिंडे ज्या द्रव्यांचा सहज निकाल लावितात, त्यांपैकी काही द्रव्ये श्वानाच्या शरीरात अडकून बसतात आणि घात करितात. यांपैकी जी आपल्या नित्याच्या स्वयंपाकात येतात त्यांचा विचार अगोदर करू.

पहिला कांदा, आणि त्याचा धाकटा पण अधिक तिखट भाऊ लसूण. या दोहोंत गंधकयुक्त द्रव्ये असतात. ती कुत्र्याच्या रक्तातील हिमोग्लोबिनावर आघात करितात, तांबड्या पेशी फुटू लागतात, आणि प्राणी पांडुरोग झाल्याप्रमाणे फिकट व निस्तेज होतो. कांदा शिजविल्याने, तळल्याने किंवा वाळविल्याने हा दोष जात नाही. शिवाय लक्षणे त्याच दिवशी दिसत नाहीत. दोन-चार दिवसांनी कुत्रे धापा टाकू लागते, लघवी तांबूस होते, आणि तोपर्यंत सोमवारच्या भज्यांची कोणास आठवणही राहिलेली नसते. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोस १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला असता रक्तावर स्पष्ट परिणाम झालेले आढळले आहेत. म्हणजे १० किलो वजनाच्या गावठी कुत्र्यास दीड-दोन मध्यम कांदे पुरतात, आणि हल्ली घरोघर दिसणाऱ्या ३ किलोच्या पॉमेरेनियनास अर्धा कांदादेखील पुष्कळ झाला.

येथे एक गमतीची गोष्ट सांगावीशी वाटते. आषाढ शुद्ध नवमीस, म्हणजे कांदेनवमीस, आपल्या घरांतून भजी, थालिपिठे, भरली कांदी यांची रेलचेल उडते; आणि त्यानंतर चातुर्मास पाळणाऱ्या घरांत कांदा-लसणास चार महिने रजा मिळते. त्या चार महिन्यांत दारच्या कुत्र्याचे जीवितही या एका बाबतीत अधिक सुरक्षित असते. मात्र कांदेनवमीच्या संध्याकाळी उरलेल्या भज्यांची परात परसदारी रिकामी करण्याचा मोह त्या दिवशी अवश्य आवरावा.

दुसरा पदार्थ वाचून पुष्कळ भगिनी चकित होतील. तो म्हणजे चिंच. हिची हकीकत द्राक्षांपासून सुरू होते. द्राक्षे किंवा बेदाणे खाल्लेल्या काही कुत्र्यांची मूत्रपिंडे एक ते तीन दिवसांत निकामी होतात, ही गोष्ट अमेरिकेतील विषचिकित्सकांनी २००१ साली जाहीरपणे मांडिली. परंतु कारण उमगेना. एक कुत्रा मूठभर द्राक्षे पचवी, आणि दुसरा थोडक्या बेदाण्यांनी दगावे. वीस वर्षे हे कोडे तसेच राहिले. पुढे असे ध्यानी आले की, मुलांच्या खेळासाठी घरी मळलेला रंगीत कणकेचा गोळा, ज्यात क्रीम ऑफ टार्टर नावाची पूड घातली होती, तो खाल्लेल्या कुत्र्याची अवस्थाही द्राक्षे खाल्ल्यासारखीच झाली. ही पूड म्हणजे टार्टारिक आम्लाचा क्षार होय. आणि द्राक्षांतही हेच आम्ल असते, त्याचे प्रमाण मात्र जातीनुसार आणि पिकण्याच्या अवस्थेनुसार कमीअधिक होते. एकाच मापाने दोन कुत्र्यांस दोन निराळी फळे का मिळत, याचा उलगडा त्यातून झाला. २०२१ साली हा तर्क प्रसिद्ध झाला, आणि २०२२ साली चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही तोच मूत्रपिंडांचा विकार झाल्याची नोंद पशुवैद्यकाच्या नियतकालिकात आली. चिंचेच्या गरात टार्टारिक आम्ल साधारणतः शेकडा ८ ते १८ इतके असते. द्राक्षांहून ते कितीतरी अधिक आहे.

मराठवाड्यात बांधाबांधावर चिंच उभी असते, आणि चिंचगुळाची आमटी ही तर आपल्या पाकशास्त्राची शान. त्या आमटीचा एक घोट पोटात गेल्याने कुत्रा तत्काळ मरेल, असे कोणी समजू नये. परंतु किती चिंच निर्धोक, याचे भरवशाचे माप अद्यापि कोणी सांगितलेले नाही. आणि जेथे माप ठाऊक नाही तेथे शहाण्याने हात आखडता घ्यावा, हे बरे. हीच गोष्ट बेदाण्यांची. शिरा, खीर, लाडू, पंचखाद्यातील खिसमिस, अशा कितीतरी वाटांनी बेदाणा आपल्या घरात येतो, आणि 'देवाचा प्रसाद आहे, त्यालाही दे' असे म्हणून तोच कुत्र्याच्या तोंडी जातो.

गेल्या दिवाळीत आमच्या आळीतील एका स्नेह्यांच्या घरी असाच प्रसंग ओढवला. सुट्टीस आलेल्या मुलाने आपला लॅब्रडॉर बरोबर आणिला होता. घरच्या आजींनी त्यास लळा लावून, कोणाच्या नकळत, बेदाण्यांची ओंजळ रिती केली. रात्री कुत्र्यास उलट्या सुरू झाल्या. मुलगा जाणता होता. त्याने उलटीत बेदाणे पाहिले आणि पहाटेच गाडी काढून त्यास पशुवैद्याकडे नेले. तीन दिवस शिरेतून सलाईन द्यावे लागले, आणि कुत्रा वाचला. आम्ही समाचारास गेलो तेव्हा आजी कोपऱ्यात बसून होत्या. 'मास्तर, उभ्या जन्मात मी कुणाला शिळं वाढलं नाही हो, आणि मुक्या जनावराला विष घातलं?' एवढेच त्या म्हणाल्या. त्यांस आम्ही काय सांगणार? प्रेम उणे नव्हते. केवळ एक माहिती कोणी त्यांच्यापर्यंत पोहोचविली नव्हती. प्रस्तुत लेख लिहावयास घेण्याचे तेही एक कारण होय.

तिसरा पदार्थ नवा, परंतु आता खेड्यातील दुकानातही मिळणारा, तो चॉकलेट. कोकोच्या बियांत थिओब्रोमिन नावाचे उत्तेजक द्रव्य असते. मनुष्याचे शरीर त्याचा अर्धा भाग सहा ते दहा तासांत निकालात काढिते. कुत्र्यास त्याच कामास सुमारे साडेसतरा तास लागतात. त्यामुळे ते साचते, हृदय धडधडू लागते, प्राणी अस्वस्थ होऊन येरझारा घालतो, आणि प्रमाण वाढल्यास आचके येतात. दर किलो वजनास २० मिलिग्रॅमपासून त्रास सुरू होतो, ६० च्या सुमारास आचके येतात. दुधाळ चॉकलेटात दर ग्रॅमास सुमारे २ मिलिग्रॅम थिओब्रोमिन असते, काळ्या कडवट चॉकलेटात ५ च्या आसपास, आणि केकसाठी आणितात त्या कोको पुडीत याहूनही कितीतरी अधिक. १० किलोच्या कुत्र्यास कडवट चॉकलेटची ४० ग्रॅमची वडी बाधावयास पुरते, असा याचा हिशेब. चहा आणि कॉफी यांतील कॅफीन हे या द्रव्याचेच सख्खे भावंड. म्हणून बशीतला उरलेला चहा पाजण्याची आवडही सोडून द्यावी.

चौथी वस्तू सर्वांत अधिक फसवी. मधुमेहाने आपल्या घरांतून ठाण मांडल्यापासून साखरेवाचून गोड केलेल्या गोळ्या, च्युइंगगम, वड्या आणि दंतमंजने घरात येऊ लागली आहेत. त्यांपैकी काहींत झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो. मनुष्यास त्याचा उपद्रव नाही. कुत्र्याच्या स्वादुपिंडास मात्र ती खरी साखरच भासते. ते एकदम इन्सुलिन सोडिते, आणि अर्ध्या-एक तासात रक्तातील साखर इतकी उतरते की प्राणी लडखडून पडतो. दर किलोस ०.१ ग्रॅम एवढे अल्प प्रमाण त्यास पुरते, आणि ०.५ ग्रॅमच्या पुढे यकृत बिघडण्याचा संभव असतो. च्युइंगगमच्या दोन-चार गोळ्यांत एवढे झायलिटॉल असू शकते. वेष्टनावर कधी नाव असते, कधी केवळ ९६७ हा क्रमांक असतो. आजोबांच्या उशाशी असलेली गोड गोळ्यांची डबी कुत्र्याच्या तोंडास लागणार नाही अशा उंचीवर ठेवावी.

ही झाली उघड शत्रूंची यादी. याखेरीज काही पदार्थ विष नव्हेत, परंतु अतिरेकाने शत्रुत्व करितात. तूप, तळणीचे तेल, श्रीखंड, बासुंदी यांची रास एकदम पोटात गेली तर स्वादुपिंडास सूज येते, आणि तो विकार जिवावर बेततो. नामदेवांची वाटी हे प्रेमाचे माप आहे, ते आहाराचे माप समजू नये. पुरणपोळीतील डाळ आणि गूळ विषारी नाहीत, पण अर्धा चतकोर पुरे. आणि पुरणातील जायफळाची चिमूट बाधत नसली तरी अख्खे जायफळ खाली पडू देऊ नये. दूध पाजावेसे प्रत्येकास वाटते. परंतु मोठ्या झालेल्या पुष्कळ कुत्र्यांस दुधातील शर्करा पचत नाही आणि अतिसार होतो. त्यापेक्षा दही किंवा पातळ अळणी ताक बरे. लोणचे, पापड, खारे शेंगदाणे यांतील मीठ अनावश्यक. आंब्याचा गर चालेल, कोय मात्र घशात किंवा आतड्यात अडकते. कणसाच्या बुरकुंडाचीही तीच गोष्ट.

एक सूचना अगत्याची आहे. बुरशी आलेली भाकरी, खवट शेंगदाणे, कीड लागलेला मका, 'आपल्याला नको, कुत्र्याला घाला' असे म्हणून जे टाकण्यात येते, ते टाकण्याच्याच योग्यतेचे असते. विशिष्ट बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण होते; ते यकृताचा नाश करिते, आणि कुत्रे त्यास विशेष बळी पडते. अमेरिकेत २०२० च्या अखेरीस बाजारी श्वानखाद्यातील मक्यातून हे विष पसरून शंभराहून अधिक कुत्री दगावली. कारखान्यातील खाद्याची ही दशा, तर आपल्या फडताळातील बुरसटलेल्या भाकरीचा भरवसा काय धरावा?

मग घालावे तरी काय, असा प्रश्न गृहिणी विचारतील, आणि तो रास्त आहे. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, पोळी, मऊ शिजविलेला भात, फोडणीवाचूनचे वरण, मुगाच्या डाळीची पातळ खिचडी, उकडलेला लाल भोपळा, गाजर, रताळे, साल व बिया काढलेले पपई-कलिंगड, केळ्याचे दोन तुकडे, हे सर्व निर्धोक आहे. ज्यांच्या घरी अंडे चालते त्यांनी उकडलेले अंडे द्यावे. आमच्या वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हांस अभिमान आहे; वरणातील तिच्या चिमटीने कुत्र्यास काही होत नाही. परंतु हळद फार गुणकारी म्हणून चमचा-चमचा चारण्याचा उत्साहही नको. ज्यांनी कुत्रे पाळलेच आहे, त्यांनी केवळ वरणभातावर त्यास ठेवू नये. त्यास आपल्यापेक्षा अधिक प्रथिनांची गरज असते, आणि आहार कसा पुरा करावा हे पशुवैद्यास विचारून ठरवावे.

यावर एक आक्षेप आम्हांस वारंवार ऐकू येतो. 'आमच्या वाड्यावरची कुत्री तीन पिढ्या आमटीभात खाऊन जगली, त्यांना काय झाले?' आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे. एक तर मोठ्या अंगाच्या गावठी कुत्र्यास आमटीचा घोट सोसतो, कारण विषाचे काम प्रमाणावर अवलंबून असते. तोच घोट तीन किलोच्या पाळीव पिल्लास सोसेलच असे नाही. दुसरे, पूर्वी बेदाण्याचे डबे आणि चॉकलेटच्या वड्या घराघरांत नव्हत्या. आणि तिसरे असे की, जी कुत्री जगली ती आपल्या डोळ्यांपुढे राहिली. जी कुठे बांधाआड जाऊन निजली आणि उठली नाहीत, त्यांचा हिशेब कोणी ठेविला? कारण न कळलेला मृत्यू हा मृत्यू नव्हता, असे तर म्हणता येणार नाही.

चुकून काही खाल्ले गेले तर वेळ दवडू नये. काय खाल्ले, किती खाल्ले, केव्हा खाल्ले आणि कुत्र्याचे वजन काय, या चार गोष्टी कागदावर टिपाव्या, वेष्टन असल्यास जवळ घ्यावे, आणि ताबडतोब पशुवैद्यास गाठावे. पहिल्या दोन तासांत पोट रिकामे करविता आले तर पुष्कळ अनर्थ टळतो. परंतु ते काम वैद्याचे. मिठाचे पाणी पाजून उलटी करविणे धोक्याचे आहे, कारण त्या मिठानेच विषबाधा होऊ शकते. जबरीने दूध-तूप ओतल्यास ते श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. फिरत्या पशुचिकित्सा पथकांसाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. आणि परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९७२ पासून आमच्या भागाच्या सेवेत आहे. ही माहिती स्वयंपाकघराच्या दारामागे लिहून ठेवण्यास काय हरकत आहे?

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानास देश, काल आणि पात्र यांची जोड सांगितली आहे. पात्राचा विचार येथवर झाला. देश-कालाचाही दोन शब्दांत करितो. केंद्र सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत मोकाट कुत्र्यांस खाऊ घालण्याविषयी कलम आहे. जिन्याजवळ, इमारतीच्या दाराशी, मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळ घालू नये; मुले व वृद्ध यांच्या येण्याजाण्याची वेळ टाळावी; आणि जागा स्वच्छ ठेवावी, असे त्यात सांगितले आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात, कुत्र्यांस रस्त्यात अन्न न घालता नगरपालिकेने प्रभागवार नेमलेल्या जागीच घालावे, असे म्हटले. ज्यास आपण रोज घास घालतो त्यास रेबीजची लस टोचविली आहे की नाही, हे पाहणेही त्याच दानाचा भाग समजावा. शाळेच्या वाटेवर अन्न फेकून घटकाभर पुण्य मिळवावयाचे आणि त्यावर भांडणाऱ्या कुत्र्यांनी एखाद्या पोरास चावावयाचे, हे दान नव्हे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्या पूर्वजांस थिओब्रोमिन ठाऊक नव्हते आणि टार्टारिक आम्लही नव्हते. परंतु त्यांनी घातलेला श्वानबली आणि आपण ओततो तो काला यांत एक अंतर आहे. वैश्वदेवाचे अन्न गृहस्थाने स्वतः जेवण्यापूर्वी काढून ठेवावयाचे असे. ते हविष्यान्न, त्यात क्षार-लवण वर्ज्य, मसाला नाही, कांदा-लसूण नाही. साधा भात, वर थोडेसे तूप. तो घास कोणाच्या पानात टाकलेला नसे, उरलेलाही नसे. कुत्र्याचा वाटा हा प्रथमपासून वेगळा वाटा होता. काळाच्या ओघात वैश्वदेव बहुतेक घरांतून गेला, आणि त्या वाट्याची जागा उरल्यासुरल्याने घेतली. देणे राहिले, पण देण्याआधी काढून ठेवणे तेवढे गेले. आजचे पशुवैद्यक जी सर्व पथ्ये सांगते, त्यांपैकी पुष्कळशी त्या एका जुन्या सवयीत आपोआप पाळली जात होती.

तेव्हा आमची भगिनींस एवढीच विनंती आहे की, वरणास फोडणी पडण्यापूर्वी एक डाव वरण आणि एक मूठ भात एका वेगळ्या वाटीत काढून ठेवावा. चिंच नंतर घालावी, कांदा नंतर परतावा. ज्यांस वैश्वदेव करणे शक्य आहे त्यांनी तो करावा, ज्यांस नाही त्यांनी निदान ही वाटी मांडावी. खर्च काही नाही, वेळ अर्ध्या मिनिटाचा. आणि घरातील नातवंडांस, ती वाटी परसदारी नेऊन ठेवण्याचे काम सांगावे. म्हणजे मुक्या प्राण्यास देताना आधी विचार करावा लागतो, हा धडा त्यांस आम्हां मास्तरांकडून वेगळा शिकावा लागणार नाही.